तीन लिटरचा कुकर

कुकर घ्यायचा की नाही, हे जेवायला बसायच्या आत ठरायचं होतं. वैजूने ताटं मांडली, मृदुलाने बाहेरून मागवलेल्या भाज्यांची पाकिटं वाट्यांत रिकामी केली आणि श्री माझ्या शेजारी खुर्ची ओढून मोबाइलवर मला एकेक कुकर दाखवू लागला. विजेवरचा कुकर. गॅस नाही, ज्योत नाही, शिट्टी नाही. आत डाळ-तांदूळ घालायचे, झाकण फिरवायचं, बटण दाबायचं आणि विसरून जायचं.

"विसरून जायचं," असं तो दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणताना त्याने जीभ चावली आणि मृदुलाकडे बघितलं.

श्री म्हणजे श्रीनिवास, माझा मुलगा. मृदुला त्याची बायको. दोघं पुण्याहून भल्या पहाटे निघाली होती. वैजू, म्हणजे माझी वैजयंती, कोल्हापूरहून आली होती. तिघंही कधी सणालासुद्धा एका दिवशी कराडला आली नव्हती, पण माझा कुकर जळाला म्हटल्यावर धावत आली. आईबापांना पोरं एकत्र बघायची तर घरात काहीतरी जळावं लागतं, हे मला तेव्हा नव्याने कळलं.

जळालं ते गुरुवारी. मी हरभरे लावले होते, उसळीला. माझ्या कुकरला हरभऱ्यासाठी सहा शिट्ट्या लागतात. कुकर चढवला आणि पुढच्या गॅलरीत मटार सोलायला बसले. सर्दीने नाक चोंदलेलं, पण कान शाबूत होते. चार शिट्ट्या मी नीट मोजल्या. पाचवीची वाट बघत बसले. ती काही येईना. हरभरा जून असेल, पाणी जास्त झालं असेल, असं मनाशी म्हणत अख्खी पिशवी सोलून झाली, आणि दारावर धपाधप थापा पडल्या.

खालच्या मजल्यावरच्या मुल्लाणीभाभी होत्या. जळका वास डक्टमधून खाली त्यांच्या स्वयंपाकघरात उतरला होता. त्यांनीच आत धावत जाऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. कुकर तळाला काळाठिक्कर पडला होता आणि आत हरभऱ्यांचा कोळसा झाला होता. कुकर थंड झाल्यावर भाभींनी झाकण उलटं करून बघितलं आणि रबराची रिंग बोटावर लोंबवून मला दाखवली. एका जागी चिरलेली, पार सैल.

"काकी, रिंग गेली हो तुमची. वाफ धरलीच नाही त्यानं. शिट्टी कुठनं व्हायची?"

"चार झाल्या की. मी मोजल्या."

"त्या माझ्या," भाभी म्हणाल्या. "मी मटण लावलं होतं."

आमच्या इमारतीत वर-खालची स्वयंपाकघरं एकाच डक्टला लागून आहेत. एकमेकींच्या शिट्ट्या आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलोय. त्यांच्या शिट्ट्यांवरून मला त्यांच्याकडे काय शिजतंय ते कळतं आणि माझ्या शिट्ट्यांवरून मी उठले की नाही ते त्यांना कळतं. त्या गुरुवारी मी त्यांचं मटण माझे हरभरे म्हणून मोजलं, एवढंच काय ते घडलं होतं. रिंग सैल झालीय हे मला ठाऊक होतं. रात्री फ्रीजरमध्ये ठेवली की चार दिवस घट्ट बसते, म्हणून नवी आणायची चालढकल करत होते. ही चूक कुठलीही बाई करते. ह्याला विसरभोळेपणा म्हणत नाहीत.

पण भाभींनी घाबरून तोवर श्रीला फोन केला होता, आणि त्याने फोनवरच निदान करून टाकलं होतं. आई गॅस विसरली. संध्याकाळपर्यंत ते वैजूच्या घरी पोचलं, रात्री मृदुलाच्या माहेरी. सगळीकडून फोन आले. सगळे माझ्याशी हळू आणि मोठ्याने बोलू लागले.

रागाने मी खरं सांगून टाकणार होते. शब्द ओठांवर आले होते. पण मग त्या खोलीची आठवण झाली आणि तोंडाला कुलूप लागलं.

त्या खोलीबद्दल सांगायला हवं. हे गेले, त्यानंतर दोन वर्षांनी श्रीने पुण्यात मोठा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीच्या दिवशी पाहुण्यांना घर दाखवताना त्याने एका खोलीचं दार उघडलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ही आमच्या आईची." पूर्वेची खिडकी होती. खाली गुलमोहर. माझ्या विहीणबाई म्हणाल्या, नशीबवान आहात. मी खिडकीचं माप पदराने घेतलं, घरी आले आणि मंडईतून निळ्या बुट्ट्यांचं कापड आणून पडदे शिवले. ते पडदे घडी घालून कपाटात ठेवले होते. बोलावणं आलं की घेऊन जायचे म्हणून. बोलावणं आज येईल, उद्या येईल करता करता पडद्यांच्या घड्यांवर पिवळी रेघ उमटली. मी कधी विषय काढला नाही. आपल्याच मुलाच्या घरी राहायला मागून जायचं, हे माझ्याच्याने झालं नसतं.

खरं सांगायचं तर मी एकटेपणाने टेकीला आले होते. दिवसभर बोलायला कोणी नाही. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो, कामवाली कानात ते गाण्यांचं बोंडूक घालून भांडी घासते. रात्री टीव्ही बंद केला की घर अंगावर येतं. मला पुण्याला जायचं होतं. मनापासून जायचं होतं.

तर शुक्रवारी सकाळी ती चिरलेली रिंग हातात घेऊन मी विचार केला. मी जर म्हटलं, रिंग गेली होती, माझं डोकं ठीक आहे, तर श्री काय म्हणेल? बरं झालं म्हणेल, नवी रिंग घे म्हणेल आणि फोन ठेवेल. आणि मी जर गप्प बसले तर? गॅस विसरणाऱ्या म्हातारीला एकटं ठेवणारा मुलगा मी जन्माला घातलेला नाही, असा माझा समज होता. मी रिंग कचऱ्यात टाकली. भाभींना सांगितलं, पोरांसमोर रिंगचं काढू नका. त्यांनी माझ्याकडे टक लावून बघितलं, पण कारण विचारलं नाही. शनिवारी रात्री मी बॅग भरून पलंगाखाली सरकवून ठेवली. पडदे सगळ्यात वर ठेवले.

आणि रविवारी पोरं आली ती कुकर घेऊन. म्हणजे मोबाइलमध्ये.

मला वाटलं, ठीक आहे. कुकरचा बेत मोडला की दुसरा पर्याय काय राहतो? मी कंबर कसली. म्हटलं, मला ती बटणं कळायची नाहीत. श्री म्हणाला, कागदावर मराठीत लिहून भिंतीला चिकटवतो, भात म्हणजे हे, वरण म्हणजे ते. म्हटलं, आठवड्यातून एकदा लाइट जाते इकडे. वैजू म्हणाली, त्या दिवशी दहीपोहे खा, तुला आवडतातच. म्हटलं, शिट्टी नाही तर शिजलं कधी ते कसं कळणार? मृदुला म्हणाली, "आई, तो वाजतो. बारीकसा आवाज येतो. आणि मग आपोआप गरमच ठेवतो. तुम्ही दोन तासांनी जेवलात तरी चालतं." मी म्हटलं, आतलं भांडं त्या काळ्या मुलाम्याचं असतं, त्याने पोट बिघडतं. श्रीने दोनदा बोट फिरवून स्टीलच्या भांड्याचा कुकर काढून दाखवला.

मी एकेक वाट बंद करत होते आणि पोरं एकेक उघडत होती. त्यांना वाटत होतं आई हट्टीपणा करतेय. वैजू तर मध्ये हसलीसुद्धा, म्हणाली मिक्सर आला तेव्हाही तू अशीच भांडली होतीस.

मग मी जरा उघड बोलले. म्हटलं, ह्या वयात नवं यंत्र शिकण्यापेक्षा दुसरं काही जमेल का ते बघा.

एव्हाना आम्ही जेवायला बसलो होतो. कुणी ताटातून मान वर केली नाही, त्यावरूनच मला कळायला हवं होतं. वैजू आमटीत चमचा फिरवत बसली. तिचं एकत्र कुटुंब, सासू-सासरे, दोन जावा. तिच्याकडून मी कधी काही धरलंच नव्हतं. मी श्रीकडे बघत होते.

श्री म्हणाला, "आई, तुला न्यायचं माझ्या डोक्यात आहेच गं. पण सध्या त्या खोलीत माझं ऑफिस केलंय. भिंतीला टेबल ठोकून घेतलंय, वायरिंग सगळं तिथून आहे. मृदुलाचं चालायचं मशीनही तिथेच. ते आता हलवायचं म्हणजे सगळं घर उचकटावं लागेल."

"उचकटू नका," मी म्हटलं.

मृदुला खाली मान घालून भाकरीचा तुकडा मोडत राहिली. तिच्याबद्दल मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही. तिने निदान खोटं असं काही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात मुल्लाणीभाभी खिरीची वाटी घेऊन वर आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी सगळ्यांची चौकशी केली. श्री म्हणाला, भाभी, तुम्ही होतात म्हणून, नाहीतर आई गॅस विसरून बसली होती. भाभींनी माझ्याकडे बघितलं. बोलू का, असं त्यांचे डोळे विचारत होते. मी नजर वळवली. त्या "होतं असं" म्हणाल्या आणि उतरून गेल्या.

माझ्याकडे आता एकच उरलं होतं. ज्याच्या जिवावर मी हा डाव मांडला होता, ते. माझा विसरभोळेपणा.

"श्री," मी म्हटलं, "मी बटण दाबायचंच विसरले तर?"

त्याला हा प्रश्न अगदी सोपा गेला. मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "विसरलीस तर शिजणार नाही, एवढंच. पेटणार तर काही नाही."

त्याच्या मनात वाईट नव्हतं. तो कुकरचा गुण सांगत होता. पण मी ऐकलं ते एवढंच. मी उपाशी राहिले तरी चालणार होतं, फक्त फ्लॅट पेटायला नको होता, जळका वास खाली जायला नको होता, पुण्याला फोन यायला नको होता.

आणि मग जे करायला नको होतं, तेच मी केलं. मी खरं सांगितलं.

"मी गॅस विसरले नव्हते. रिंग चिरली होती. भाभींच्या शिट्ट्या माझ्या म्हणून मोजल्या मी."

वैजूने माझ्या हातावर हात ठेवला. "असू दे गं आई."

"असू दे काय? भाभींना विचार."

"रिंग का असेना," श्री समजावणीच्या सुरात म्हणाला. लहान असताना मी त्याला औषध पाजायचे तो सूर. "तू मनाला लावून घेऊ नकोस. ह्या वयात होतं. कुकर आला की तुला टेन्शन नाही, आम्हाला टेन्शन नाही."

शहाणी होते तेव्हा गप्प बसले, आणि बोलले तेव्हा वेडी ठरले होते. आता कुणाचीही साक्ष काढून उपयोग नव्हता. रिंग तर मीच कचऱ्यात टाकली होती.

मग एकच ठरायचं राहिलं. तीन लिटरचा की सहा लिटरचा. वैजूचं म्हणणं सहाचा घ्यावा, दिवाळीत सगळे आलो तर पुरेल. श्री म्हणाला, "दिवाळीला कशाला आईने राबायचं, तेव्हा बाहेरून मागवू. तिला एकटीला तीन लिटर बास."

एकटीला. तो शब्द त्याने काही मुद्दाम उच्चारला नाही. हिशेबात सहज येतो तसा आला. पण हे गेल्यापासून इतकी वर्षं घरात कोणी तो तोंडातून काढला नव्हता. सध्या, तूर्त, पुढे बघू, असंच सगळे म्हणायचे. त्या दिवशी ठरलं. माझ्या उरलेल्या आयुष्याचं माप तीन लिटर निघालं.

दुपारी श्री आणि वैजू बाजारात गेली आणि कुकर घेऊन आली. वैजू माझी हौशी. येता येता भांड्यांच्या दुकानातून आतल्या स्टीलच्या भांड्यावर नाव घालून आणलं होतं. काठाखाली टिंब टिंब अक्षरांत, 'आईस सप्रेम भेट. श्री, वैजू.' श्रीची वाटेत कुरकुर चालली होती, नाव घातलं की वॉरंटी जाते म्हणून. ती म्हणाली, नाव नाही घातलं तर भेट कशी वाटेल? खरं होतं. आमच्यात भांड्यावर नाव आलं की ते देणाऱ्याकडून सुटलं आणि घेणाऱ्याला चिकटलं. परत देता येत नाही, बदलता येत नाही.

मृदुलाने कुकरला हळदकुंकू लावलं. पहिलं गोड करायचं म्हणून मी साखरभात लावला. चौघं त्याच्याभोवती उभे राहिलो. शिट्टी नाही, काही नाही. बऱ्याच वेळाने तो बारीक वाजला, रस्त्यावर एखादी रिक्षा मागे येताना वाजते तसा. श्रीने झाकण उघडलं. भात छान झाला होता. मोकळा, मऊ. मी खोटं बोलणार नाही, माझ्या जुन्या कुकरमध्ये इतका चांगला झाला नसता.

"बघ," श्री म्हणाला. "उगाच घाबरत होतीस."

अंधार पडायच्या आत त्यांना निघायचं होतं. मृदुला पाया पडली. जाताना वैजूची चप्पल पलंगाखाली गेली म्हणून ती वाकली आणि तिला बॅग दिसली. भरलेली. तिने वर बघितलं. मी म्हटलं, जुने कपडे आहेत, देऊन टाकायचेत. तिने विश्वास ठेवला की ठेवल्यासारखं केलं, मला कधीच कळलं नाही. दारापर्यंत जाऊन ती परत आली आणि मला घट्ट धरलं, मग गेली.

दुसऱ्या दिवशी मी मंडईत जाऊन जुन्या कुकरला नवी रिंग आणि नवा व्हॉल्व्ह आणला. तळ चिंच लावून घासला. त्यात रोज स्वयंपाक करत आले. तो विजेचा कुकर ओट्यावर कोपऱ्यात राहिला. श्रीचा व्हिडिओ कॉल आला की मागे दिसेल असा. तो नातेवाइकांत कौतुकाने सांगायचा, आई ह्या वयातही स्वतंत्र आहे, त्या कुकरने फार मोठं काम केलं. निळ्या पडद्यांच्या मी उशांच्या खोळी केल्या.

मध्ये पुष्कळ वर्षं गेली, श्रीला दोन मुलं झाली. मग एका सकाळी श्रीचा फोन आला. आवाजात लगबग होती. मृदुलाला कंपनीने बंगळूरला सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं. मुलं दोघं शाळेत, स्वयंपाकाची बाई टिकत नाही, तो एकटा मेटाकुटीला आलेला. "आई, तू येतेस का? तुझ्या हातचं खातील तरी पोरं."

मी विचारलं, राहू कुठे?

"कुठे म्हणजे? तुझी खोली आहे की. टेबल काय, मशीन काय, काढून टाकतो. एका दुपारचं तर काम आहे."

एका दुपारचं काम. मला जायचं होतं. नातवंडांना भरवायचं होतं, त्या खिडकीत बसायचं होतं. तेव्हाही होतं, त्या क्षणीही होतं. म्हणूनच मी लगेच हो म्हटलं नाही. उद्या सांगते म्हटलं.

दुपारी त्या कुकरचं भांडं लख्ख घासलं, पिशवीत घातलं आणि बाजारात गेले. नाव घालणाऱ्याने भांडं फिरवून बघितलं आणि म्हणाला, "आजी, ह्याच्यावर आधीच नाव आहे. हे तर तुम्हालाच दिलेलं दिसतंय."

"हो. त्याच्या खाली घाला. 'चि. श्रीनिवासास सप्रेम भेट. आई.'"

"देणाऱ्यालाच भेट?"

"त्याला लागतंय आता," मी म्हटलं.

त्याने खांदे उडवले आणि यंत्र चालू केलं. तारीख घालू का विचारलं, मी नको म्हटलं. भिंतीवरचा श्रीच्या अक्षरातला कागदही काढला, भात म्हणजे हे, वरण म्हणजे ते, आणि घडी करून भांड्यात ठेवला. पुण्याच्या गाडीने पार्सल गेलं.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. कुकर मिळाला होता. त्याला वाटलं होतं, आई येण्याआधी सामान पाठवतेय. नाव वाचून तो गोंधळला होता.

"म्हणजे तू येणार नाहीस?"

"नाही रे. मी विसरभोळी बाई. तुझ्याकडे काहीतरी पेटवून बसेन."

"पण आई, मला हे सगळं कसं जमणार? सकाळच्या घाईत बटण दाबायचंच राहिलं तर?"

"राहिलं तर शिजणार नाही, एवढंच," मी म्हटलं. "पेटणार तर काही नाही."

पलीकडे तो हसला. अगदी मोकळं, लहानपणासारखं. म्हणाला, हे भारी बोललीस, मृदुलाला सांगतो. त्याला काहीही आठवत नव्हतं.

खालून भाभींच्या कुकरची शिट्टी झाली, आणि पाठोपाठ माझ्या. मी फोन ठेवला आणि जाऊन गॅस बारीक केला.